थैलीतील दोन वजने : वाचकांचे प्रश्न

देवाच्या न्यायाविषयीच्या मागील लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : लहानपणापासून देवाचा न्याय म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. संदेशांतूनही अग्नी, अंधार आणि दात खाणे हेच ऐकत आले. आता उतारवयात स्तोत्रसंहिता वाचताना असे दिसते, की स्तोत्रकर्त्याला न्यायाच्या बातमीने आनंद होतो. मग माझी भीती चुकीची आहे का?

उत्तर : ९६वे स्तोत्र आपण पुन्हा एकदा सावकाश वाचावे. तेथे आकाश हर्ष करते, समुद्र गर्जतो, शेत उल्लासते, वनातील झाडे आनंदाने गाऊ लागतात आणि या सगळ्याचे कारण एकच दिले आहे : परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येत आहे. ९८व्या स्तोत्रात तर नद्या टाळ्या वाजवतात. ज्या बातमीने आपल्या अंगावर काटा येतो, तिनेच नदीला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, याचा अर्थ आपण आणि स्तोत्रकर्ता न्यायालयात दोन वेगळ्या जागी उभे आहोत. आपण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात पाहतो. स्तोत्रकर्ता मात्र ज्याची फिर्याद कोणी दाखल करून घेत नाही अशा माणसाच्या शेजारी उभा आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील विधवेकडे पाहा. न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करत नाही. ती मात्र पुन्हा पुन्हा त्याच्या दारी जाते आणि माझा न्याय करा, एवढेच मागते. न्याय होईल याची तिला भीती नाही. तो होणारच नाही, याची आहे. पवित्र शास्त्रात न्यायाविषयी जे लिहिले आहे, त्यातील फार मोठा भाग या विधवेच्या जागेवरून लिहिलेला आहे, आणि आपल्या व्यासपीठांवरून ती जागा फारशी दाखवली जात नाही याची मला खंत वाटते. इब्री भाषेतही हेच दिसते. न्याय करणाऱ्यासाठी तेथे जो शब्द आहे, त्याच्याच अनेकवचनावरून ‘शास्ते’ या पुस्तकाचे नाव आले आहे, आणि त्या पुस्तकातील गिदोन किंवा दबोरा यांचे मुख्य काम कोणते, तर जाचाखाली असलेल्या लोकांना सोडवणे. निवाडा आणि सुटका ही तेथे वेगवेगळी खाती नाहीत.

मग भीतीला काहीच जागा नाही का? आहे, पण ती जागा आमोस संदेष्ट्याने दाखवली आहे. तकोवा गावचा हा मेंढपाळ इ.स.पू. ८व्या शतकात उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यात गेला, तेव्हा तेथील लोक परमेश्वराच्या दिवसाची आतुरतेने वाट पाहत होते. तो दिवस आपल्याच बाजूचा असणार, अशी त्यांची खात्री होती. तो तुम्हांला प्रकाश नव्हे तर अंधार होईल, असे आमोसाने त्यांना तोंडावर सांगितले, कारण त्यांच्या वेशीत गरिबाची दाद लागत नव्हती. भीती बाळगायची ती अशा निर्धास्तपणाची. यशयाच्या ५व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या गीतात याच व्यथेवर एक शब्दखेळ आहे : परमेश्वराने ‘मिश्पात’ म्हणजे न्यायाची अपेक्षा केली, पण पाहतो तो ‘मिस्पाह’ म्हणजे रक्तपात, ‘त्सदाका’ म्हणजे नीतीची अपेक्षा केली, पण ऐकू आली ती ‘त्सआका’ म्हणजे आर्त हाक. दूरून ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच वाटावेत इतके जवळचे आहेत. जवळ गेल्यावर मात्र रडणे ऐकू येते. आपल्या पत्रात आपण कोणावर अन्याय केल्याचे काहीही नाही. उलट, वर्षानुवर्षे आपण सोसलेल्या एका गोष्टीचा ओझरता उल्लेख आहे. म्हणून आपल्याला आग्रहाने सांगतो, की ९६वे स्तोत्र आपल्यासाठी आहे. ते मोठ्याने म्हणावे.

प्रश्न : माझा मालपुरवठ्याचा लहान व्यवसाय आहे. दशांश मी नियमाने देतो, उपासना चुकवत नाही. पण धंद्यात थोडे इकडेतिकडे करावेच लागते. मापात किंचित कमी, बिलात किंचित जास्त, कामगारांचे पैसे दहा-पंधरा दिवस पुढे ढकलणे. सगळेच असे करतात. देव इतक्या बारीकसारीक गोष्टींचा हिशोब ठेवतो का?

उत्तर : आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता उत्तर देतो : होय, ठेवतो. किंबहुना पवित्र शास्त्र ज्या गोष्टींपाशी सर्वांत जास्त रेंगाळते, त्या याच बारीकसारीक गोष्टी आहेत.

नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आज्ञा आहे, की तुझ्या थैलीत एक जड आणि एक हलके अशी दोन प्रकारची वजने असू नयेत. मूळ इब्रीत येथे ‘वजन’ या अर्थी ‘दगड’ हाच शब्द आहे : थैलीत दगड आणि दगड, मोठा आणि लहान. यहूदाच्या प्रदेशातील उत्खननांत अशी दगडी वजने पुष्कळ सापडली आहेत. चुनखडीचे, वरून घुमटासारखे गोलसर, तळाशी सपाट असे ते दगड आहेत आणि काहींवर खूण कोरलेली आहे. शेकेलाचे वजन सुमारे ११ ग्रॅम भरते, म्हणजे चिमटीत मावेल एवढा तो दगड. दोन दगड एकमेकांशेजारी ठेवले तरी त्यांतील फरक डोळ्यांना कळत नाही. तो हाताला कळतो, आणि तो हात दुकानदाराचा असतो.

आता आमोसाचा ८वा अध्याय वाचा. अमावास्येचा सण आणि शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस कधी एकदा संपतो आणि धान्य विकायला बसतो, असे म्हणणारे व्यापारी तेथे आहेत. ते एफा लहान करतात आणि शेकेल मोठा करतात. हे वाक्य आपण वाचून पुढे जातो, पण त्यातील हिशोब समजून घेण्यासारखा आहे. एफा हे धान्य मोजून देण्याचे माप. ते लहान केले की गिऱ्हाइकाच्या पदरात धान्य कमी पडते. नाणी त्या काळी प्रचारात नव्हती, किंमत चांदी तोलून चुकवली जाई आणि ती तोलण्याचा दगड म्हणजे शेकेल. तो जड केला की गिऱ्हाइकाला चांदी जास्त घालावी लागते. एकाच व्यवहारात गरीब दोनदा नागवला जातो आणि त्याच्या गोणीत वरून गव्हाचा भुसाही येतो. हे लोक शब्बाथ मोडत नाहीत, हे लक्षात घ्या. ते तो पाळतात, फक्त संपण्याची वाट पाहत बसतात. आपल्या पत्रातील दशांशाचे आणि उपासनेचे वाक्य वाचताना मला हा अध्याय आठवला, आणि त्याबरोबर मत्तयाच्या २३व्या अध्यायातील परुशी, म्हणजे नियमशास्त्र कडकपणे पाळणाऱ्या पंथाचे लोकही आठवले. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश ते काटेकोरपणे देत आणि न्याय, दया व विश्वास या मोठ्या गोष्टी सोडून देत. प्रभूने त्यांना दशांश बंद करायला सांगितले नाही. या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या, असे सांगितले.

कामगारांच्या पैशांविषयी नियमशास्त्र याहून कडक आहे. अनुवादाच्या २४व्या अध्यायाप्रमाणे मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची, कारण तो गरीब असतो आणि त्याचे मन त्या पैशांत गुंतलेले असते. काही वर्षांपूर्वी या वचनावर संदेश तयार करत असताना, मंडळीच्या बाकांची डागडुजी करणाऱ्या सुताराचे पैसे माझ्याकडून दोन आठवडे राहिले आहेत, हे मला आठवले. हिशोब तपासून देऊ, असे म्हणून ते राहिले होते. मी पुस्तक मिटले आणि त्याच्या घरी गेलो. पैसे हातात घेताना तो काही बोलला नाही, पण त्याच्या पत्नीने आतून येऊन ते लगेच मोजून वेगळे केले. कोणाला तरी द्यायचे थांबले असावेत. ‘दहा-पंधरा दिवस पुढे ढकलणे’ हे देणाऱ्याच्या वहीत एका ओळीचे काम असते. घेणाऱ्याच्या घरी ते दहा-पंधरा वेगवेगळे दिवस असतात. याकोबाच्या पत्रातील ५व्या अध्यायात म्हटले आहे, की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडत आहे आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे.

१९६० साली इस्राएलच्या भूमध्य समुद्रकिनाऱ्यावरील एका जुन्या गढीच्या उत्खननात, यव्नेयामजवळ, शाईने लिहिलेले खापराचे तुकडे सापडले. त्यांवरील मजकूर इ.स.पू. ७व्या शतकाच्या अखेरचा आहे. कापणी करणारा एक मजूर अधिकाऱ्याकडे फिर्याद करतो, की मी माझी कापणी पुरी केली, ठरलेले धान्य साठवले, तरी मुकादमाने माझे वस्त्र काढून नेले; माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सगळे भाऊबंद साक्ष देतील; मी निर्दोष आहे, माझे वस्त्र मला परत मिळावे. गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, नाहीतर तो कशात झोपेल, असे निर्गमाच्या २२व्या अध्यायात परमेश्वर विचारतो. तो मला हाक मारील तेव्हा मी ऐकेन, कारण मी दयाळू आहे, असेही तेथे म्हटले आहे. खापरावर त्या मजुराची फिर्याद आहे, निकाल नाही. ज्याला आपण देवाचा न्याय म्हणतो, त्यात हे वस्त्रही आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

आपण काय करावे, हेही विचारले आहे. लूकच्या १९व्या अध्यायातील जकातदार जक्कयाकडे पाहावे. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने गीत गायले नाही. त्याने हिशोब मांडला. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना आणि ज्याच्याकडून अन्यायाने घेतले त्याला चौपट. आपली मापे या आठवड्यात तपासून घ्यावीत, कामगारांच्या पैशांची तारीख ठरवून ती त्यांना सांगावी, आणि ज्यांची बिले फुगवली आहेत त्यांची यादी करावी. नफा कमी होईल. ‘सगळेच असे करतात’ या वाक्याला मात्र मला शास्त्रात कोठेही आधार सापडला नाही. जे सापडते ते निर्गमाच्या २३व्या अध्यायात, की बहुजनसमाजाच्या मागे लागून दुष्कर्म करू नको.

प्रश्न : आमच्या कुटुंबातील सर्वांत सरळ माणूस असाध्य आजाराने गेला आणि ज्याने अनेकांना लुबाडले तो मजेत आहे. नातेवाईक म्हणतात, की आजार हा देवाचा निवाडाच असतो, काहीतरी लपलेले पाप असणार. मला हे सहन होत नाही.

उत्तर : ते सहन होऊ नयेच. निर्दोष असून दुःख सोसणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी हेच म्हटले होते आणि ४२व्या अध्यायात परमेश्वराचा कोप पेटला तो त्या मित्रांवर. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. दुसऱ्याच्या आजारावरून त्याचा निकालपत्र वाचण्याचा अधिकार तेथे कायमचा काढून घेतला आहे. त्याच वेळी, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असे म्हणून त्याने विचारणाऱ्यांचे तोंड त्यांच्याच जीवनाकडे वळवले. आपल्या नातेवाइकांना आपण हा लूक १३वा अध्याय दाखवावा.

त्या दुसऱ्या माणसाचे काय? ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ हा प्रश्न हबक्कूकाने विचारला आहे आणि प्रकटीकरणाच्या ६व्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मेही तोच विचारतात. म्हणून तो विचारताना अविश्वास वाटून घेऊ नये. लूक १३मध्येच, बुरुजाच्या बोलण्यानंतर लगेच, फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. माळी धन्याजवळ आणखी एक वर्ष मागतो, मी भोवती खणून खत घालीन, म्हणतो. उशीर होतो आहे तो या खणण्यासाठी. लुबाडणाऱ्याला मिळालेले ते वर्ष त्याच्या निर्दोषतेचा दाखला नव्हे.

प्रश्न : मी ज्या संस्थेत काम करतो तेथे पैशांचा गैरव्यवहार दिसतो. बोललो तर वडीलधारे म्हणतात, की ‘कोणाचे दोष काढू नका’ अशी प्रभूची आज्ञा आहे. गप्प बसणेच ख्रिस्ती आहे का?

उत्तर : नाही. मत्तयाच्या ७व्या अध्यायातील ते वचन पुढच्या वचनांपासून तोडून वापरले जाते. डोळ्यातल्या मुसळाचे आणि कुसळाचे बोलणे तर मराठीत म्हणीसारखे रुळले आहे, पण त्याचा शेवट फार कोणी सांगत नाही : आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढ, म्हणजे आपल्या भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यास तुला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायचेच आहे. फक्त स्पष्ट दिसल्यावर. तोच प्रभू योहानाच्या ७व्या अध्यायात म्हणतो, ‘तोंडदेखला न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा.’ नाथान संदेष्टा दावीद राजापुढे गप्प बसला असता तर राजाने घडवून आणलेल्या उरीयाच्या खुनाचा शब्दही कोणी काढला नसता.

मार्ग मत्तयाच्या १८व्या अध्यायात आहे : प्रथम एकट्याने भेटून, मग एकदोघा साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. कागदपत्रे हातात असल्याशिवाय नाव घेऊ नये, कारण दोघा-तिघांच्या साक्षीची अट नियमशास्त्राने दुर्बळाच्या रक्षणासाठीच घातली आहे. मात्र एखाद्या दुर्बळ व्यक्तीला इजा होत असेल किंवा गुन्हा घडत असेल, तर खाजगी भेटीगाठीत वेळ घालवू नये, कायद्याकडे जावे. रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो तो अशाच कामासाठी.

प्रश्न : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नव्हे, असे आम्ही शिकलो. मग ‘प्रत्येकाला त्याच्या कर्माप्रमाणे’ असे पौलच कसे लिहितो?

उत्तर : तो दोन्ही लिहितो आणि दोन्ही मनापासून लिहितो. करिंथ शहराच्या अवशेषांत, बाजारचौकात, दगडी उच्चासन आजही पाहायला मिळते. इ.स. ५१च्या सुमारास सुभेदार गल्लियो याच्यापुढे, न्यायासनासमोर, पौलाला आणले गेले, असे प्रेषितांची कृत्ये १८ सांगते. पुढे त्याच करिंथकरांना पौल लिहितो, की आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहायचे आहे. बाजारात जाता-येता त्यांनी रोज पाहिलेले ते आसन होते. आणि ज्या अध्यायात हे वाक्य आहे त्याच अध्यायाच्या शेवटी, जो पाप जाणत नव्हता त्याला देवाने आपल्याकरता पाप असे केले, हेही आहे. न्यायासनावर बसलेला आणि आपल्यासाठी दोषी ठरवला गेलेला, एकच.

म्हणून कर्मांचा तपास होतो तो जागा विकत मिळवल्याचे बिल म्हणून नव्हे. इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात कृपेचे प्रसिद्ध वाक्य संपते आणि लगेच पुढे येते, की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. झाड जिवंत आहे की नाही, हे फळावरून पाहतात. फळामुळे झाड जिवंत होत नाही. मत्तयाच्या २५व्या अध्यायातील मेंढरांना आपण राजाला जेऊ घातल्याचे ठाऊकच नव्हते, हे मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले, असे दोन्ही बाजूंचे लोक विचारतात. मोजून ठेवलेली चांगुलपणाची वही तेथे कोणाच्याही हातात नाही.

प्रश्न : सतरा वर्षांपूर्वी मी माझ्या भागीदाराला हिशोब कमी दाखवला. ते आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा दूर असतो, त्याला यातले काहीच माहीत नाही. मी देवाजवळ क्षमा मागितली आहे. एवढे पुरे नाही का?

उत्तर : क्षमा मिळाली आहे, यावर आपण विश्वास ठेवावा. पण आपला प्रश्न मोशेच्या काळीही कोणीतरी विचारला असावा, कारण गणनेच्या ५व्या अध्यायात त्याचे नेमके उत्तर आहे. अपराध कबूल करायचा, मूळ रक्कम पुरी परत करायची आणि तिच्यात पाचवा हिस्सा मिळवायचा. ज्याचा अपराध केला तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. असा नातलगच नसेल, तरच ते परमेश्वराचे म्हणून याजकाकडे जाते. म्हणजे मंडळीच्या दानपेटीत ती रक्कम टाकण्याचा मार्ग आपल्याला मोकळा नाही, कारण मुलगा आहे.

त्याला पत्र लिहावे. परिस्थिती कशी होती, आपण किती अडचणीत होतो, हे पहिल्या पत्रात लिहू नये. वर्ष, व्यवहार, खरी रक्कम आणि दाखवलेली रक्कम, एवढे लिहावे. खाली पाचवा हिस्सा मिळवून होणारा आकडा मांडावा आणि तो कोणत्या खात्यात पाठवू, असे विचारावे. आपल्या वडिलांशी मी खोटे वागलो, हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे, टाइप करून नव्हे. तो रागावण्याची शक्यता आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.